डेव्हिल्स लेक: आधी कडा, मग पाणी

विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला शिकागो, मिलवॉकी आणि मॅडिसनकडची मराठी मंडळी उन्हाळ्यात हमखास जातात, आणि त्यातली बरीचशी दिवस उलटा लावतात. नाश्तापाणी उरकून निवांत निघायचं, अकराच्या पुढे पोहोचायचं, पार्किंगसाठी चकरा मारायच्या. पाणी दिसल्यावर पोरं ऐकत नाहीत, म्हणून आधी तळ्यात डुंबायचं, मग पोटभर जेवायचं आणि भर दुपारी ओल्या चपलांनी ‘चला, जरा वर जाऊन येऊ’ म्हणत कडा चढायला घ्यायचा. निम्म्या वाटेवर कुणाचा तरी श्वास लागतो, कुणाचा तरी पाय मुरगळतो, आणि परतताना गाडीत सूर असतो की जागा छान आहे पण दमायला झालं.

जागेत काही खोट नाही. क्रम बदलला की तोच दिवस सोपा होतो: सकाळी कडा, दुपारी पाणी, ऊन उतरल्यावर काठाकाठानं फिरणं. पुढचं सगळं याच क्रमानं लिहिलं आहे.

जागा कशी आहे

हे पार्क बाराबू गावाला लागून आहे. १९११ साली राज्यानं ते स्थापन केलं. आज त्याचा विस्तार ९,००० एकरांहून अधिक आहे आणि विस्कॉन्सिनमध्ये सर्वाधिक गर्दी खेचणारं स्टेट पार्क हेच. मधोमध साधारण ३६० एकरांचं तळं, त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पाण्यापासून सुमारे ५०० फूट उंच उठलेले कडे, आणि उत्तर-दक्षिण टोकांना वाळूचे किनारे. नकाशा डोक्यात ठेवायला एवढं पुरे: दोन बाजूंना खडक, दोन बाजूंना वाळू. उत्तर किनारा म्हणजे नॉर्थ शोअर, दक्षिण किनारा म्हणजे साउथ शोअर. पाट्यांवर हीच नावं दिसतात.

खडकाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण चालताना पायाखाली तोच असतो. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला गुलाबी-जांभळा क्वार्टझाइट दीडशे कोटी वर्षांहूनही जुना. मुळात ती वाळू होती. दाबाखाली आणि उष्णतेत ती इतकी घट्ट झाली की कण वेगळे ओळखू येत नाहीत. तरी काही शिळांवर पाण्याच्या लाटांनी उमटवलेल्या वळ्या आजही स्पष्ट दिसतात. मुलांना त्या शोधायला लावा, चढण आपोआप सरते. पण हाच खडक गुळगुळीत असतो. बेसॉल्टवर बूट जसा धरून राहतो तसा इथे राहत नाही, आणि पाऊस पडून गेला असेल तर अजिबातच नाही. राजगड-तोरण्याचा अनुभव गाठीशी असलेल्यांनाही हे आवर्जून सांगतो, कारण आत्मविश्वासानं घसरणारे तेच असतात.

तळं मात्र खडकाच्या मानानं कालचं. पूर्वी या खिंडीतून नदी वाहत असे. शेवटच्या हिमयुगात बर्फाची जीभ इथवर पोहोचली आणि वितळताना खिंडीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध, म्हणजे हिमोढ, टाकून गेली. मध्ये पाणी अडलं. म्हणूनच या तळ्यातून बाहेर वाहणारा ओढा दिसत नाही.

कोणता दिवस निवडायचा

शक्य असेल तर मधला वार. मे अखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचे शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरमधले पानगळीचे शनिवार इथे जत्रेसारखे असतात. पार्किंग भरलं की गाड्या फाटकावरूनच परत पाठवतात. शिकागोहून तीन-साडेतीन तास गाडी हाकून गेल्यावर हे ऐकावं लागलं तर दिवस संपलाच. शनिवारच जमत असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचायचं. पार्क सहाला उघडतं. त्यासाठी शिकागोहून पहाटे पाचच्या आत निघणं जमत नसेल, तर आदल्या रात्री मॅडिसनला किंवा विस्कॉन्सिन डेल्सला मुक्काम करा. मॅडिसनहून तासाभरात पोहोचता येतं.

नुसतं पोहायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. त्याआधी पाणी अंगावर काटा आणतं. नुसतं चालायचं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध: डास कमी, ऊन मवाळ, शाळा सुरू झालेल्या, त्यामुळे सोम ते शुक्र वाटा मोकळ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपल आणि ओक रंग बदलतात. गर्दीची तयारी ठेवून एकदा ते पाहायला हरकत नाही. भारतातून आई-बाबा आले असतील तर मी सप्टेंबरच सुचवेन. जुलैची दमट दुपार त्यांना मुंबईत नवीन नसते, पण इथे पंखा नसतो.

निघण्याआधी

पहिलं काम गाडीच्या स्टिकरचं. इथलं प्रवेशशुल्क माणशी नसून गाडीमागे आहे. एका दिवसाचं किंवा वर्षभराचं स्टिकर मिळतं. विस्कॉन्सिनच्या नंबरप्लेटला कमी पैसे, इलिनॉय किंवा इतर राज्यांच्या प्लेटला जास्त. वार्षिक स्टिकर राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांना चालतं आणि त्याच घरातल्या दुसऱ्या गाडीला सवलत मिळते. ते कॅलेंडर वर्षावर चालतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घेतलं तर वसूल होतं. आधी ऑनलाइन घेऊन ठेवा, म्हणजे फाटकावरची रांग टळते. चार कुटुंबं चार गाड्यांतून निघाली तर चार स्टिकरं लागतात. दोन गाड्यांत माणसं कोंबली तर पैसेही वाचतात आणि पार्किंगही.

दुसरं, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. दोन कड्यांच्या मध्ये फोनचं नेटवर्क बेभरवशाचं आहे. ‘पोहोचलो की फोन करतो’ ही योजना इथे फसते. भेटायची जागा आणि वेळ घरूनच ठरवा. उत्तर किनाऱ्यावर शातो नावाची जुनी मोठी इमारत आहे, तिच्यासमोर भेटायचं ठरवलं की कुणी चुकत नाही.

तिसरं, बूट. शिवलेल्या तळव्याचे चांगले बूट नसतील तर साधे धावायचे बूट चालतील, पण तळवा झिजलेला नको. सँडल, क्रॉक्स आणि चपला गाडीत ठेवा, त्यांचं काम दुपारी. माणशी किमान दीड लिटर पाणी बरोबर घ्या. सहलीच्या मैदानांवर आणि तंबूच्या जागांजवळ नळ आहेत, कड्यावर एकही नाही.

मंडळाची किंवा मित्रपरिवाराची मोठी सहल असेल तर छपराखालची जागा, म्हणजे शेल्टर, आधी आरक्षित करता येते. पंचवीस-तीस माणसं उघड्यावर बसवून पावसाकडे बघत राहण्यापेक्षा ते पैसे सार्थकी लागतात.

सकाळ: पूर्वेचा कडा

पार्कमध्ये जवळपास ३० मैलांच्या पायवाटा आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकच फेरी करावी: दक्षिण किनाऱ्यावरून बॅलन्स्ड रॉक ट्रेलनं वर, माथ्यावरून उत्तरेकडे, उत्तर किनाऱ्यावर उतार, आणि पश्चिमेच्या काठानं टम्बल्ड रॉक्स ट्रेलवरून परत दक्षिणेला. सगळं मिळून साधारण पाच मैल. थांबत, फोटो काढत चार तास धरा.

ही दिशा मुद्दाम निवडली आहे. बॅलन्स्ड रॉकची वाट अर्ध्या मैलाहूनही कमी आहे, पण जवळपास सगळी चढणीची. दगडाच्या उंच-सखल पायऱ्या, अधूनमधून हातानं आधार घ्यावा असं वळण. चढताना तोल पुढे असतो, नजर पायरीवर असते, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा सोपी जाते. तीच वाट उतरताना गुडघ्यांची परीक्षा घेते. उत्तरेकडची ईस्ट ब्लफ ट्रेल लांब आहे, तिलाही पायऱ्या आहेत, पण उतार अंगावर येत नाही. म्हणून खड्या बाजूनं वर आणि लांबट बाजूनं खाली.

साउथ शोअरच्या पार्किंगमधून पूर्वेकडे गेलात की रेल्वेचा रूळ लागतो. तळ्याच्या पूर्व काठानं जाणारा हा रूळ चालू आहे, त्यावरून मालगाड्या जातात. नेमून दिलेल्या जागीच ओलांडा. रुळावरून चालत जाऊन अंतर वाचवायचा मोह अनेकांना होतो, तो करू नका.

पायथ्याशी कड्यावरून कोसळलेल्या शिळांचा प्रचंड उतार दिसेल. हजारो वर्षं फटीत पाणी शिरलं, गोठलं, फुगलं आणि खडक फोडत गेलं, त्याचा हा ढिगारा. वाट त्याच्या कडेनं चढते. पंधरा-वीस मिनिटांत बॅलन्स्ड रॉक येतो: खालच्या निमुळत्या टोकावर उभी असलेली गुलाबी शिळा, मागे खाली तळं. इथे फोटोसाठी रांग लागते. शिळेला ढकलून बघणारा एक तरी असतोच. तुमच्यातला असेल त्याला आवरा.

माथ्यावर पोहोचलात की लगेच उत्तरेला वळू नका. आधी उजवीकडे, पूर्वेच्या दिशेनं डेव्हिल्स डोअरवेकडे जाऊन या. छोटीशी वाट मुख्य पायवाटेखाली उतरते आणि दगडांची नैसर्गिक चौकट समोर येते. त्यातून दक्षिणेकडचं खोरं दिसतं. माझ्या मते सगळ्या पार्कमधली ही सर्वांत देखणी जागा आहे. बॅलन्स्ड रॉक पाहून परत फिरणाऱ्यांना ती कळतच नाही. चौकटीच्या डोक्यावर चढणारे तरुण दिसतील, त्यांचं बघून चढू नका. या कड्यांवर कठडे नाहीत. पडून जखमी झालेल्यांना दोरांवरून खाली आणावं लागल्याच्या घटना इथे घडलेल्या आहेत. लहान मुलाचा हात माथ्यावर सोडायचा नाही, एवढा एकच नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तरी पुरे.

परत मागे येऊन ईस्ट ब्लफ ट्रेलनं उत्तरेकडे चाला. आता चढ संपलेला असतो. डावीकडे झाडांच्या फटींतून तळं दिसत राहतं. उत्तरेच्या उतारावर एलिफंट रॉक आणि एलिफंट केव्ह लागतात. हत्ती ओळखायला थोडी कल्पनाशक्ती लागते, आमच्याकडच्या मुलांना तो दर वेळी वेगळ्याच दगडात सापडतो. गुडघे कुरकुरत असतील तर कड्याच्या काठाऐवजी ईस्ट ब्लफ वूड्स ट्रेल धरा. ती जंगलातून सावकाश उतरते, देखावा नाही पण पायऱ्यांचा त्रासही नाही.

वीज चमकायला लागली किंवा गडगडाट ऐकू आला तर माथ्यावर थांबू नका, लगेच उतरायला लागा. मध्य-पश्चिमेतलं उन्हाळी वादळ अर्ध्या तासात येतं. सकाळी लवकर चढायचं हेही एक कारण, कारण अशी वादळं बहुधा दुपारनंतर उठतात.

पश्चिमेचा कडा राखून ठेवा. वेस्ट ब्लफ ट्रेल सुमारे दीड मैलाची आहे, तिच्यावर माणसं कमी असतात आणि तिथून पूर्वेचा कडा अखंड दिसतो. दुसऱ्या खेपेला तीच करा. एका दिवसात दोन्ही कडे करणारे करतात, पण मग पाण्याला वेळ उरत नाही.

दोर लावून चढणाऱ्यांसाठी हे कडे मध्य-पश्चिमेत फार प्रसिद्ध आहेत. शिकायचं असेल तर जाणत्या प्रशिक्षकाबरोबरच या. वरून दोर टाकून चढणाऱ्यांचा दोर वर जिथे बांधलेला असतो, त्या बांधणीला पायवाटेवरून जाताना हात किंवा पाय लावू नका.

आजी-आजोबा आणि बाबागाडी

घरातल्या सगळ्यांना कडा झेपणार नाही, आणि झेपला नाही म्हणून त्यांचा दिवस गाडीत जाऊ नये. चढणाऱ्यांना सकाळी साउथ शोअरला सोडा आणि गाडी डोंगराला वळसा घालून नॉर्थ शोअरला न्या. तिथे सावली, बाकं, स्वच्छतागृह, खाण्याचं दुकान आणि सपाट हिरवळ सगळं हाताशी आहे. चढणारे उतरून येतात तेही तिथेच. बाबांना चालायची आवड असेल तर पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स ट्रेल आहे: साधारण एक मैल, कोसळलेल्या शिळांमधून काढलेली, बरीचशी डांबरी वाट. ती सपाट रस्त्यासारखी नाही, काही ठिकाणी उंच-सखल आहे, त्यामुळे काठी घ्या आणि बाबागाडीचा आग्रह धरू नका. निम्म्यावर जाऊन परत आलं तरी चालतं, कारण पाणी पहिल्या पावलापासून शेजारीच असतं.

काठी धरून चालणाऱ्यांना दक्षिणेकडची ग्रोटोज ट्रेलही जमण्यासारखी आहे. पूर्वेच्या कड्याच्या पायथ्यानं जाते, चढ जवळपास नाही, आणि शिळांच्या फटींतून उन्हाळ्यातही गार हवा येते.

पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांच्या प्रवास विम्याचं कार्ड आणि रोजच्या गोळ्यांची यादी बरोबर असू द्या. मदत लागली तर ९११.

दुपार: पाणी

बारा-एकपर्यंत खाली आलात की पोरांना सोडा. दोन्ही किनाऱ्यांवर पोहण्याची जागा आहे. वाळू हळूहळू खोल जाते, पण जीवरक्षक नाहीत. आपल्या मुलावर लक्ष ठेवायला एक मोठा माणूस नेमायचा, फोन दुसऱ्याकडे द्यायचा आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं पाळी बदलायची. ‘सगळेच आहेत ना तिथे’ म्हणजे बहुधा कुणीच नसतं. हवा भरलेले मोठे राजहंस आणि चटया वाऱ्यानं आत ओढल्या जातात, त्यांवर न पोहता येणाऱ्याला बसवू नका.

उन्हाळ्यात, विशेषतः सुरुवातीला, पाण्यातून बाहेर आल्यावर काही जणांच्या अंगाला खाज सुटते, लाल पुरळ येतं. इथे त्याला स्विमर्स इच म्हणतात. गोगलगायींतून पाण्यात सुटणारी सूक्ष्म अळी त्वचेत शिरते आणि तिथेच मरते, म्हणून खाज. काठाजवळच्या कोमट, उथळ पाण्यात हिचं प्रमाण जास्त असतं. उपाय एकच: बाहेर पडल्या पडल्या टॉवेलनं अंग खसखसून कोरडं करायचं. उन्हात आपोआप वाळू द्यायचं नाही. पुरळ आलंच तर काही दिवसांत जातं.

कायाक, कनू, पॅडलबोट किनाऱ्यावर भाड्यानं मिळतात. या तळ्यात पेट्रोलच्या मोटारीला बंदी आहे, फक्त विजेवर चालणारी छोटी मोटार चालते. म्हणूनच मोठ्या तळ्यांवर असते तशी घरघर इथे नाही आणि नवशिक्यानं वल्हं हातात घ्यायला ही चांगली जागा आहे. नावेत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट्स असावीच लागतात. पोहता येणाऱ्यांनीही ती घालावीत, बुडाखाली ठेवू नयेत. पूर्वेच्या काठानं जा, खालून कडा बघा, आणि परतीला वारा समोरून लागणार असेल तर निघतानाच तो हिशेब करा.

मासेमारीला १६ वर्षांपासून पुढे विस्कॉन्सिनचा परवाना लागतो, बाहेरच्या राज्यातल्यांना वेगळा. तळ्यात ब्राउन ट्राउट, वॉलाय, बास मिळतात. आपल्याकडच्या सुरमई-पापलेटची अपेक्षा घेऊन कुणी गळ टाकत असेल तर त्याला शुभेच्छा.

डबा

खाण्याच्या दुकानात बर्गर, फ्राइज, आइस्क्रीम असतं. शाकाहारी माणसाची त्यावर दिवसभर गुजराण होत नाही. सकाळच्या पिशवीत तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी ठेवा: उन्हात बिघडत नाही, हात माखत नाहीत, डोअरवेशी बसून खाता येते. दुपारचं जेवण गाडीतल्या शीतपेटीत. दहीभात असेल तर बर्फ भरपूर घाला.

मैदानांवर लोखंडी शेगड्या आहेत, कोळसा आपला आणायचा. ऑगस्टमध्ये बाराबूच्या वाटेवर रस्त्याकडेला गोड मक्याची कणसं विकायला असतात. ती शेगडीवर भाजून, लिंबू-तिखट-मीठ चोळून खाण्यासारखं दुसरं काही नाही, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं कृती विचारायला येतात. निखारे झाडाखाली किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्यासाठी वेगळी जागा केलेली असते. काचेच्या बाटल्या आणू नका.

रात्र काढायची असेल तर

तंबूच्या जागा तीन भागांत आहेत: क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज. सगळ्या मिळून चारशेच्या आसपास, तरी उन्हाळ्यातले शनिवार फार लवकर संपतात, कारण आरक्षण ११ महिने आधी उघडतं. म्हणजे पुढच्या जुलैचा विचार या ऑगस्टमध्ये करायचा. तेवढं जमलं नसेल तर धीर सोडू नका: ऐन वेळी रद्द होणाऱ्या जागा अधूनमधून बघत राहा, किंवा रविवार-सोमवारची रात्र घ्या.

क्वार्टझाइट उत्तर किनाऱ्याला जवळ, पण बरीचशी उघडी जागा, तंबू शेजारी-शेजारी. आइस एजमध्ये झाडी जास्त, वीज नाही. लहान मुलांना रात्री पंखा किंवा दूध गरम करायला वीज हवी असेल तर आरक्षण करताना विजेची जागा मुद्दाम निवडा. तंबूच्या भाड्यात गाडीचं स्टिकर धरलेलं नसतं, ते वेगळं.

जळण घरून नेऊ नका. लाकडातून झाडं पोखरणारे कीटक एका जंगलातून दुसऱ्यात जातात, म्हणून पार्कपासून १० मैलांच्या आत मिळालेलं किंवा प्रमाणित केलेलंच लाकूड चालतं. आत आणि फाटकाबाहेर मोळ्या विकत मिळतात. गॅसची छोटी शेगडी आणि तीन लिटरचा कुकर नेला तर मुगाच्या खिचडीनं रात्र भागते. कुकरच्या शिट्ट्या मात्र लवकर उरका, कारण रात्री ११ ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि रेंजर फेरी मारतात.

जेवण झाल्यावर एकही पिशवी बाहेर राहता कामा नये. इथले रॅकून डब्यांची झाकणं सहज उघडतात, शीतपेटीची चापसुद्धा. शेवटच्या चिवड्याच्या पाकिटापर्यंत सगळं गाडीत, काचा बंद.

गोचीड, वेल आणि साप

मेपासून जुलैपर्यंत हरणांवरच्या बारीक गोचिडी फार. लाइम रोग त्यांच्यामुळेच पसरतो. पूर्ण बाह्या, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात, वर डीईईटी (DEET) हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेला फवारा. संध्याकाळी आंघोळ करताना काख, गुडघ्यामागची घडी, कानामागे आणि केसांत नीट बघा. चिकटलेली सापडली तर चिमट्यानं त्वचेला लागून धरून सरळ ओढा. तेल, चुना, जळती काडी असले घरगुती उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

पळसाला पानं तीन, तशीच इथल्या पॉयझन आयव्हीलाही. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं झुडूप किंवा वेल दिसला की हात लावायचा नाही. लागलाच तर साबण लावून लगेच धुवायचं. बाराबूच्या टेकड्यांत टिंबर रॅटलस्नेक आहे. तो माणसाला टाळतो. न दिसणाऱ्या फटीत हात घालायचा नाही आणि पायवाट सोडायची नाही, एवढं पाळलं की त्याचं आणि तुमचं काही देणं-घेणं नाही.

संध्याकाळी: मातीचे उंचवटे

हे तळं इथल्या मूळ रहिवासी हो-चंक लोकांना पवित्र आहे. त्यांच्या पूर्वजांनी तळ्याच्या दोन्ही टोकांना मातीचे प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराचे उंचवटे उभारले, ते जवळपास हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. दक्षिणेला पंख पसरलेला मोठा पक्षी आहे, उत्तरेला अस्वलासारखा आकार. जमिनीवर उभं राहून ते चटकन ओळखू येत नाहीत, पाटी वाचून कडेनं एक फेरी मारली की रेषा लागते. ऊन तिरकं झालं की सावलीमुळे जास्त स्पष्ट दिसतात. वर चढायचं नाही, मुलांनाही घसरगुंडी करू द्यायची नाही. ड्रोननं वरून फोटो घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा, परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

हाताशी अर्धा दिवस उरला तर

बाराबूच्या उत्तरेला इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे. १९७३ साली सुरू झालेल्या या संस्थेत जगातल्या क्रौंचकुळातल्या सगळ्या १५ जाती बघायला मिळतात, आपला सारसही. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांधांवर आता मोजकेच उरलेले सारस ज्यांनी पाहिले असतील किंवा पाहायचे राहिले असतील, त्यांनी इथे तासभर काढावाच. उन्हाळी हंगामातच उघडं असतं, आधी वेळा बघून घ्या. गावात सर्कस वर्ल्ड हे संग्रहालय आहे. रिंगलिंग बंधूंची सर्कस १८८४ साली याच गावातून निघाली. मुलं सात-आठ वर्षांच्या वरची असतील तर रमतात.

परतीला मॅडिसनकडे जाताना हायवे ११३ वरून मेरिमॅकच्या फेरीनं विस्कॉन्सिन नदी ओलांडता येते. गाडीसकट, फुकट, दहा मिनिटांच्या आत. एका खेपेला १५ गाड्या बसतात आणि हिवाळ्यात ती बंद असते. रविवारी संध्याकाळी रांग लांबली असेल तर वाट बघत बसू नका, बाराबूहून हायवे १२ धरा. त्या वाटेवर सॉक सिटी लागतं, आणि पोरांना भूक लागायची वेळ बरोबर तिथेच येते.